वाण लुटताना

मराठीतली काही क्रियापदं मोठी गमतीची आहेत. 'लुटणे' हे त्यातलंच एक. दरोडेखोर लुटतो तेव्हा तो घेतो आणि संक्रांतीला बाई वाण लुटते तेव्हा ती देते! दसऱ्याला सोनं लुटायचं तेही दुसऱ्याच्या हातात ठेवायलाच. "यंदा काय लुटलंस गं?" हा प्रश्न परक्या माणसानं ऐकला तर पोलिसांना बोलवेल. :-) पण जानेवारीत आमच्याकडे तो अगदी सहज, जिन्यात उभ्या-उभ्या विचारला जातो.

आणि लुटायचं तरी काय? दसऱ्याचं सोनं म्हणजे आपट्याचं पान, त्याला बाजारात मोल नाही. तिळगूळ म्हणजे तळहातावर चार दाणे. दिवाळीचा फराळ शेजारी जायचा तो ताटलीभर, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. ती ताटली परत येताना रिकामी यायची नाही, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर तरी असायची. आपल्या सणांतलं देणं मुळात असं फुटकळच होतं. देणाऱ्याला परवडेल आणि घेणाऱ्याला ओझं होणार नाही इतपत. घरोघर जाऊन, दारात उभं राहून, दोन शब्द बोलून द्यायचं, एवढीच काय ती मेहनत.

वाणाचं मात्र हळूहळू वेगळंच झालं. माझ्या लहानपणी मिरजेला आमच्या घरी हळदीकुंकू व्हायचं तेव्हा आई महिनाभर आधीपासून कापूस घेऊन बसायची. फुलवाती, लांब वाती, देवासाठी कापसाची वस्त्रमाळ. कुंकू लावलेली ती पांढरी-लाल माळ मला दागिन्यासारखी वाटायची. एका वर्षी तिनं उरलेल्या लोकरीचे छोटे चौकोन विणले होते, गरम भांडं उचलायला. शेजारच्या काकूंकडे तो चौकोन मी कॉलेजात गेले तरी दिसायचा. मग स्टीलच्या वाट्या आल्या, प्लॅस्टिकचे डबे आले, चहाच्या गाळण्या आल्या. आता तर डिसेंबर संपत आला की पुण्यात तुळशीबागेत आणि आमच्या इकडे दादरला वाणाच्या वस्तूंची गर्दी होते, डझनाच्या भावात. पन्नास डझन काहीतरी घ्यायचं आणि घरी आणून स्टिकर काढत बसायचं.

माझ्या स्वयंपाकघरात एक खण आहे. त्यात निरनिराळ्या हळदीकुंकवांतून आलेले एकवीस डबे आहेत. (मोजलेत!) त्यातल्या बऱ्याच डब्यांना आपली झाकणं नीट बसत नाहीत. कोणता डबा कोणी दिला, हे विचाराल तर एकाचंही नाव सांगता येणार नाही.

ह्यावर एका अर्थशास्त्रज्ञानं हिशेब मांडलेला आहे बरं का. तेव्हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात असलेले जोएल वॉल्डफोगेल. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला नाताळात मिळालेल्या भेटी देणाऱ्याला साधारण केवढ्याला पडल्या असतील आणि तुमच्या लेखी त्यांची किंमत किती? १९९३ साली त्यांनी निबंध लिहिला. त्यात त्यांचा अंदाज असा की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग देण्याघेण्यात नुसता वाया जातो. म्हणजे शंभर रुपयांची वस्तू घेणाऱ्याला सत्तर-नव्वदचीच वाटते. त्यांनी माझा खण बघितला असता तर आकडा आणखी वाढवला असता. पण ह्या हिशेबात एक गोष्ट त्यांनी मुद्दामच बाजूला ठेवली होती, ती म्हणजे वस्तूमागची माया. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की भावनिक किंमत धरू नका. अर्थशास्त्राला तसं करावं लागत असेल. आपल्याला नेमकं तेच करता येत नाही.

असो. सांगायचं आहे ते २०२५ च्या संक्रांतीबद्दल.

माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात झालं. म्हणजे तिची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने. हल्ली पूर्ण सेट तयार मिळतो. मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी, नथ, शिवाय जावयासाठी हार आणि हलव्यानं मढवलेला नारळ. मोबाइलवर बोट टेकवलं की दोन दिवसांत घरपोच. भाचीनं तसा एक निवडूनही ठेवला होता. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं आजीला फोन केला. "आजी, माझ्या आईच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने तू केले होतेस ना? माझे करशील?"

आई तेव्हा ठाण्याला माझ्याकडे होती. वय चौऱ्याहत्तर. फोन ठेवून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुझ्याकडे पितळी परात आहे का गं?"

ज्यांनी कधी घरी हलवा होताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साखर बुडेल एवढंच पाणी घालून पाक करायचा. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकायची आणि पाक गाळून घ्यायचा. परात अगदी मंद आचेवर. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून ठेवायचे, आम्ही गॅसवर तवा आणि तव्यावर परात ठेवली. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा, जो दाणा लहानमोठा हवा असेल त्याप्रमाणे. त्यावर अर्धा चमचा पाक, बस्स, अर्धाच. आणि मग बोटांनी हलवत राहायचं. पाक दाण्यांवर सुकला की परत अर्धा चमचा. दाणे एकमेकांना चिकटले की बोटांनीच सोडवायचे. तास दोन तास झाले की दाण्यावर पांढरी पुटं दिसतात. काटा यायला दोन-तीन दिवस लागतात, रोज थोडं थोडं. आच वाढली तर साखर वितळते आणि काटा बसतो. पाक जास्त पडला तर दाणा गुळगुळीत होतो. हवेत दमटपणा असला तर बघायलाच नको. थंडीतल्या कोरड्या हवेत हलवा करतात तो काही उगाच नाही.

हलव्याला हलवा का म्हणतात? आई म्हणते, सतत हलवावा लागतो म्हणून. शब्द खरं तर अरबीतून आलाय आणि तिकडे त्याचा अर्थ नुसता गोड पदार्थ. पण परातीपुढे सलग दीड तास बसल्यावर मला तरी आईचीच व्युत्पत्ती पटली.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं ठाण्याच्या हवेला नावं ठेवली. पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी. बोटांची टोकं भाजून गुलाबी झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी परात उजेडात धरली तर काही दाण्यांवर बारीक बारीक टोकं! बाहेर काही करायचं नव्हतं, फोन बघायला हात मोकळे नव्हते, आणि दाण्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत मी आईशेजारी इतका वेळ नुसती बसले नव्हते, नोकरी आणि मुलं ह्यांत ते जमलंच नव्हतं. हातानं केलेल्या वस्तूबद्दल आपण नेहमी ती घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. करणाऱ्याला काय मिळतं ते त्या परातीपाशी कळलं. एरवी ज्या गोष्टी समोरासमोर बोलल्या जात नाहीत त्या हात गुंतलेले असताना, नजर परातीत असताना आपोआप निघतात.

तसंच झालं. चौथ्या दिवशी आम्ही दाणे निवडत होतो. मोठे हारासाठी, बारीक बांगड्यांसाठी. मी म्हटलं, "आई, तू किती छान हळदीकुंकू करायचीस. अख्खी गल्ली यायची."

बाबा २०१६ मध्ये गेले. त्यानंतर आईनं हळदीकुंकू केलं नाही. कोणी तिला तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, सांगावंच लागत नाही. वहिनी मिरजेला वाण लुटायची तेव्हा आई आत असायची, उसळीला फोडणी देत. शेजारणी आत जाऊन तिला भेटायच्या, तिळगूळ द्यायच्या, सगळं प्रेमानं. कोणी वाईट वागलं असं म्हणताच येणार नाही. मला वाटायचं, आपल्याला कोणी कुंकू लावत नाही, वाण देत नाही, ह्याचं तिला वाईट वाटत असेल. तसं मी तिला विचारलंही.

ती दाणे निवडतच म्हणाली, "छे गं. घ्यायला मिळत नाही त्याचं काय एवढं? माझ्याकडे डबे काय कमी आहेत? देणं बंद झालं ना, ते लागतं."

मी गप्प बसले. आई पुढे म्हणाली, "तुझे बाबा होते तोवर जानेवारी आला की माझ्या डोक्यात चालायचं, कुणाला काय करून द्यावं. आता जानेवारी आला की नुसती थंडी येते."

हे ऐकेपर्यंत मी वाण म्हणजे एक सामाजिक रीत, थोडीशी कटकट, एवढंच समजत होते. ते देता येणं हाच एक मान असतो आणि तो काढून घेतला की माणूस नुसता घेणारा उरतो, हे मनात आलं नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांना सगळं देतो हो. औषधं, शाल, फळं, फोन. त्यांच्याकडून मात्र काही मागत नाही. भाचीनं फोन करून "माझे दागिने करशील?" म्हटलं तेव्हा तिनं नकळत आजीला केवढी मोठी गोष्ट दिली होती!

पण ते इतकं सरळही नव्हतं. वहिनी आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "आईंनीच सगळं करायचं म्हणजे... पहिली संक्रांत आहे तिची. मला काही वाटत नाही गं, पण तिच्या सासरचे काय म्हणतील?" वहिनीला मी दोष देणार नाही. एकुलत्या एका मुलीची पहिली संक्रांत, आणि आईच्या जिवाला काय काय वाटत असतं. भाचीनं ते ऐकलं. काही न बोलता गॅलरीत जाऊन तिनं सासूबाईंना फोन लावला आणि जे आहे ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आजींच्या हातचे? अगं मग मूठभर हलवा जास्त करायला सांग, मला दाखवायचाय आमच्या भिशीत."

झालं. संध्याकाळी वहिनी चष्मा लावून आईशेजारी बसली आणि दोऱ्यानं हलवा गाठवायला लागली. काट्यांच्या बेचक्यात दोरा बसवून गाठ मारायची, काटा मोडता कामा नये. हे काम माझ्यानं काही होईना. वहिनीचा हात मात्र हलका निघाला. आई दोनदा म्हणाली, "हिच्या हाताला वळण आहे." पंचवीस-तीस वर्षांच्या सासू-सुनेच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मी ठरवलं की हळदीकुंकू आपल्याकडे करायचं, १९ जानेवारीला, रविवारी, आणि वाण आई लुटेल. निमंत्रण सगळ्याजणींना, म्हणजे खरोखर सगळ्या.

ह्यात मी काही जगावेगळं करत नव्हते. पुण्यात १४ जानेवारी १८५२ रोजी महिला सेवा मंडळाचा तिळगुळाचा समारंभ झाला होता. सावित्रीबाई फुले ह्या मंडळाचं काम बघत आणि अध्यक्ष होत्या कलेक्टरच्या पत्नी मिसेस जोन्स. निमंत्रणात स्पष्ट म्हटलं होतं की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू देताना भेद केला जाणार नाही. विचार करा, १८५२! त्या काळच्या पुण्यात एकाच जाजमावर बसायचं म्हणजे केवढं धाडस. आणि त्यासाठी त्यांनी सण कोणता निवडला, तर तिळगुळाचा. जिथे देण्याची वस्तू इतकी लहान आहे की कुणालाही देता यावी. अगदी अलीकडचं बघायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं ह्या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं म्हटलं. मिरजेपासून हेरवाड काही फार लांब नाही. आईनं ती बातमी तेव्हा वाचली होती. "वाचली होती" एवढंच ती म्हणाली.

निमंत्रण देताना मी आणखी एक गोष्ट सांगितली. कोणी काही विकत आणायचं नाही. आणावंसं वाटलं तर घरात केलेलं काहीही आणा, नाहीतर रिकाम्या हातानं या. आमचं वाण म्हणजे आईनं वळलेल्या फुलवाती आणि हलव्याची पुडी. पुड्यांना बाहेरून मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं. प्रत्येक पानावर कुणाचा तरी दूधवाल्याचा हिशेब नाहीतर गॅस आल्याची तारीख. आईनं मुद्दाम ज्या त्या बाईच्या वाढदिवसाचा महिना शोधून तिची पुडी त्या पानात बांधली. पुढे दोघी-तिघींनी ते ओळखलं तेव्हा आई अशी लाजली की काय सांगू. साखर, साबुदाणा, कापूस धरून सगळा खर्च तीनशेच्या आत. वेळ मात्र बारा दिवस.

रविवारी सव्वीस जणी आल्या. हळदीकुंकवाची तबकं मी टेबलावर ठेवली होती, ज्यांना हवं त्यांनी आपापलं किंवा एकमेकींना लावावं. अत्तर आणि गुलाबपाणी मी सगळ्यांना लावत-शिंपडत होते. आई दाराशेजारच्या खुर्चीत, मांडीवर सूप, सुपात पुड्या. आईनं स्वतः कुंकू लावून घेतलं नाही. "मला नको, सवय नाही राहिली," म्हणाली. मीही आग्रह केला नाही. तिला काय हवं होतं ते तिनं आधीच सांगितलं होतं.

पलीकडच्या विंगमधल्या काकू उंबऱ्यापाशीच थांबल्या. त्यांचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली. अशा कार्यक्रमाला त्या कुठेच जात नाहीत. "मी आत येऊ ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "या की. मी इथेच बसलेय." आणि त्यांच्या हातात पुडी ठेवली. काकूंनी पिशवीतून एक बाटली काढली, लिंबाचं लोणचं. "मी पण आणलंय," म्हणाल्या. शाळेतलं पोर गृहपाठ दाखवतं ना, तसा चेहरा.

आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या मावशी दर संक्रांतीला माझ्याकडून वाण घेतात. साडी, डबा, जे असेल ते. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही दिलं नव्हतं. कसं देणार, डझनाच्या भावात घ्यायचं म्हटलं तरी पैसे लागतातच. ह्या वेळी त्यांनी काऱ्हळ्याची चटणी आणली, कुटलेली, सव्वीस पुड्या! आदल्या रात्री मुलीला घेऊन बसून बांधल्या म्हणे. स्वतःच्या हातानं प्रत्येकीला दिल्या, ज्यांच्या घरी त्या काम करतात त्यांनाही. "मावशी, कृती सांगा," म्हणून चौघी जणी त्यांच्याभोवती गोळा झाल्या. मावशी खुर्चीत बसून सांगत होत्या आणि बाकीच्या उभ्या होत्या. हे दृश्य माझ्या घरात ह्याआधी घडलेलं नव्हतं.

सगळं गोडच झालं असं नाही. एका नातेवाईक बाईंनी आईच्या हातून वाण घेतलं नाही. "राहू दे, मी जाताना घेते," म्हणाल्या आणि जाताना टेबलावरची एक पुडी उचलून गेल्या. आईनं ते पाहिलं. रात्री मी विषय काढला तर म्हणाली, "तिला भीती वाटते गं. भ्यायलेल्या माणसावर काय रागवायचं." माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

भाची काळ्या साडीत, हलव्याच्या दागिन्यांत कशी दिसत होती ते लिहीत नाही. फोटो घरच्यांनी पाहिलेच आहेत. संध्याकाळपर्यंत बांगड्यांचे चार दाणे तुटून खाली पडले, ते तिच्या नवऱ्यानं उचलून खाल्ले.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी करणाऱ्या बाईनं बारा दिवस परातीपुढे बसायचं कुठून? बरोबर आहे. हलवा दर वर्षी जमणार नाही, मलाही नाही. आणि दुकानातलं सगळं वाईट असंही मी म्हणत नाही. हलव्याचे दागिने करून विकणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांचं घर त्यावर चालतं, त्यांच्या बोटांची टोकंही अशीच भाजत असणार. त्यांच्याकडून घ्यावेत, आणि भाव न करता घ्यावेत. मला म्हणायचंय ते एवढंच की देण्याची वस्तू जितकी महाग होत जाते तितक्या देणाऱ्या कमी होत जातात. मग ज्यांच्याकडे पैसा आहे, ज्यांना समाजात तशी जागा आहे, त्यांनीच द्यायचं आणि बाकीच्यांनी घेत राहायचं. वातीला, चटणीला, लोणच्याला ही अडचण येत नाही.

गांधीजींची एक गोष्ट ह्या निमित्तानं आठवते. २० नोव्हेंबर १९४७ ला इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ ह्यांचं लग्न झालं. जगभरातून हिरेमाणकं आली असणार. गांधीजींकडे द्यायला काय होतं? त्यांनी स्वतः काढलेलं सूत. त्या सुताची लेस विणून घेऊन ती पाठवली, मधोमध 'जय हिंद' अशी अक्षरं. राजकन्येच्या आजीला, क्वीन मेरीला, ती लंगोटी वाटली आणि तिला ते अजिबात रुचलं नाही, असं सांगतात. :-) पण ती वस्तू राजघराण्यानं जपून ठेवली आणि २०१८ मध्ये भारताचे पंतप्रधान लंडनला गेले तेव्हा राणीनं ती काढून दाखवली. एवढ्या वर्षांनी. काही महिन्यांपूर्वीच ज्या देशाचं राज्य संपलं त्यांच्या मुलीला, स्वतःजवळ काही नसलेल्या माणसानं, हातानं काढलेलं सूत दिलं. घेणाऱ्यापेक्षा आपण लहान आहोत असं त्यांना जराही वाटलं नसणार.

आमच्या घरात त्यानंतर काही बदल झालेत, छोटेच. भाऊबीजेला भावंडांनी एकमेकांना विकतची भेट द्यायची नाही असं ठरलं. भावानं मला मिरजेच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे कोण कोण आहे ते लिहून एक वही दिली, आईला विचारून विचारून. त्याचं अक्षर भयंकर आहे, तरी मी ती रात्री जागून वाचली. माझ्या मुलानं आत्येबहिणीला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, हीसुद्धा भेटच, असं त्याचं म्हणणं. दिवाळीला कंदील आम्ही घरी केला, तो दोन दिवसांत एका बाजूनं कलला आणि तसाच तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. दरवेळी उत्तम जमतंच असं नाही. आमच्या लोकरीच्या एका मफलरची लांबी अशी झाली की तो मफलर कुणालाच देता येत नाही, सध्या कुकरखाली घालतो.

आणि आई? मिरजेला परत गेल्यावर मार्चमध्ये तिचा फोन आला. तिथे शेजारी एक मुलगी भाड्यानं राहायला आलीय, नागालँडची, हॉस्पिटलात नर्स. तिला विणता येतं म्हणे, अगदी वेगळीच तऱ्हा. आई तिच्याकडून ते शिकतेय आणि तिला फुलवाती शिकवतेय. "अगं, ती ख्रिश्चन आहे, ती फुलवातींचं काय करणार?" मी हसून विचारलं.

"मेणबत्तीऐवजी लावेन म्हणाली," आई म्हणाली. "आणि नाही लावली तरी काय बिघडलं? तू तेवढी परात घासून पुसून कोरडी ठेव. तिलाही यायचंय पुढच्या जानेवारीत."